आईच्या डोक्यातून उगवलेला खांब : वाचकांचे फोटोबद्दलचे प्रश्न

यावेळी पत्रं आणि मेल मिळून जेवढे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीबद्दलचे होते, फोटोत मागे नको ते आलंय, काय करू? म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवते आणि यावेळी फक्त ह्याच विषयावर बोलू.

प्रश्न : ताई, आईला पंच्याहत्तर पूर्ण झाली म्हणून तिचा अंगणात तुळशीपाशी फोटो काढला. चेहरा इतका छान आलाय की तोच मोठा करून लावायचाय, पण मागचा विजेचा खांब बरोब्बर तिच्या डोक्यातून वर गेलाय आणि डावीकडे दोरीवर टॉवेल वाळत घातलेत. काढताना ह्यातलं काहीच दिसलं नव्हतं हो! कुठल्या ॲपनं काढू? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : काढताना दिसलं नव्हतं हे तुम्ही अगदी खरं लिहिलंय, आणि त्यात तुमची काहीच चूक नाही. आपल्याला दोन डोळे आहेत म्हणून खांब वीस फूट मागे आहे हे आपल्याला न विचारता कळतं, शिवाय आपण आईकडे बघत असतो तेव्हा बाकीचं सगळं मन आपोआप बाजूला ठेवतं. कॅमेऱ्याला एकच डोळा, त्यामुळे आई आणि खांब एकाच कागदावर चिकटतात, आणि तुमची आई आहे हे त्याला माहीत नसतं, त्याच्या लेखी टॉवेल आणि आई सारखेच. ह्यावरचा उपाय फार साधा आहे, फोटो काढायच्या आधी एक डोळा मिटायचा. खरंच करून बघा, आत्ता हा अंक हातात असतानाच समोरच्या माणसाकडे एका डोळ्यानं बघा, मागचं दार किंवा कपाटाची कड त्याच्या डोक्याला कशी चिकटते ते लगेच दिसेल. मग अर्धं पाऊल डावीकडे सरका. खांब लांब आणि आई जवळ असल्यामुळे तुम्ही एवढंसं सरकलात तरी खांब तिच्या मागून भराभर बाहेर निघतो. तिला हलवायचीसुद्धा गरज नाही, ती तुळशीपाशी निवांत बसू दे.

दुसरी सवय म्हणजे बटण दाबायच्या आधी नजर फ्रेमच्या चारही कडांवरून एकदा फिरवून आणायची, वरच्या कोपऱ्यातून सुरू करून परत तिथेच. मला हे वडिलांनी शिकवलं, त्यांचा स्टुडिओ होता, ते म्हणायचे की माणूस काय, हलत नाही कुठे, कडा बघ आधी. दोन सेकंद लागतात. दोरीवरचे टॉवेल ह्या फेरीत सापडतात.

आता हातात असलेल्या फोटोचं. स्नॅपसीड ह्या ॲपमधलं हीलिंग (डाग पुसायचं टूल) पुरेल, त्यात ब्रशचा आकार वेगळा बदलता येत नाही, फोटो जेवढा झूम कराल तेवढा ब्रश बारीक लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग ते अख्ख्या खांबावरून एकदाच बोट फिरवतात आणि आकाशात केस उगवतात. कारण ते टूल आजूबाजूचाच तुकडा उचलून तिथे भरतं. खांब वरच्या टोकापासून सुरू करा, छोटे छोटे तुकडे पुसत खाली या, आणि डोक्याच्या वर बोटभर अंतर उरलं की थांबून भरपूर झूम करा आणि तिथलं काम थेंबाथेंबानं करा. पांढऱ्या केसांच्या बटा आकाशावर येतात तिथे एखादी बट खांबाबरोबर गेली तर जाऊ दे, पण केसांची कड कात्रीनं कापल्यासारखी सरळ होऊ देऊ नका, तेवढं एक दिसलं की बघणाऱ्याला सगळाच फोटो खोटा वाटायला लागतो. टॉवेल मात्र पुसू नका. डावी बाजू थोडी क्रॉप करा आणि उरलेला टॉवेल काळसर करा, कुणाचं लक्ष जाणार नाही.

ह्या डोक्यावरच्या खांबावरून आठवलं म्हणून सांगते. १९७० साली ४ मे ला अमेरिकेत केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांच्या गोळीबारात चार विद्यार्थी गेले, तेव्हा जॉन फिलो नावाच्या विद्यार्थ्यानं काढलेला फोटो जगभर गेला, मेलेल्या मुलाशेजारी गुडघ्यावर बसून हात पसरून आक्रोश करणारी मुलगी. त्या मुलीच्या डोक्यातून कुंपणाचा खांब वर गेलाय. फोटोला पुलित्झर हे पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक मिळालं, आणि नंतर १९९५ मध्ये लाइफ मासिकात तोच फोटो छापला तेव्हा त्यातला खांब गायब होता, त्यावरून मोठा वाद झाला. अशा वेळी कुणी खांब बघत बसावं अशी अपेक्षाच नाही, तिथे खांबासकटच तो फोटो खरा आहे. तुळशीपाशी मात्र आपल्याकडे अख्खी सकाळ असते.

प्रश्न : मोबाइलचा पोर्ट्रेट मोड लावला की मागचं धूसर होतं पण बायकोच्या नथीचा अर्धा भाग आणि गजऱ्याची कडपण धूसर होते. मोठा कॅमेरा घ्यावाच लागेल का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही, आत्ता तरी नको. पोर्ट्रेट मोडमधला धूसरपणा लेन्समुळे येत नाही, फोन अंदाज करतो की माणूस कुठे संपला आणि तिथून पुढे रंग फासतो. नथ, गजरा, चष्म्याची काडी, उडालेले केस, ह्या सगळ्या ठिकाणी त्याचा अंदाज चुकतो. सणावाराचे फोटो असतील तर तो मोड बंदच ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे, नथ गेली तर त्या फोटोत राहिलं काय?

त्याऐवजी मागे जा आणि झूम करा. हे नुसतं ऐकून पटत नाही म्हणून हिशोब देते. फोनची नेहमीची लेन्स साधारण २४ मिलीमीटरची धरा. बायको तुमच्यापासून १ मीटरवर उभी आहे आणि भिंत तिच्यामागे ५ मीटरवर. फोन आडवा धरलात तर त्या भिंतीचा जवळजवळ ९ मीटरचा पट्टा फोटोत येतो, म्हणजे दार, खिडकी, शू-रॅक, शेजाऱ्यांची स्कूटर सगळं. आता बायकोपासून ३ मीटरवर जा आणि ३ एक्स करा. बायको फोटोत तेवढीच मोठी दिसेल, पण भिंतीचा पट्टा फक्त ४ मीटरचा येईल. पसारा निम्म्याहून कमी झाला, एकही गोष्ट न पुसता. शिवाय जवळून काढल्यावर नाक मोठं दिसतं तेही होत नाही. फोनला ३ एक्सची वेगळी लेन्स नसेल तर २ एक्सवर थांबा, त्यापुढे बहुतेक फोन नुसता फोटो ताणतात. आणि माणसाला भिंतीला टेकवून उभं करायची आपल्याकडची सवय सोडा, भिंतीपासून चार पावलं पुढे बोलवा, तेवढ्यानं मागची सावलीही जाते.

प्रश्न : ताई, मी २१ वर्षांचा आहे, लातूरकडे लग्नाची कामं घेतो. हॉलमध्ये स्टेजमागे फराटा पंखे, प्लास्टिकच्या खुर्च्यांची थप्पी, लाइटचे स्टँड असं सगळं असतं, एका लग्नाचे फोटो पुसण्यात माझ्या चार-पाच रात्री जातात. त्यात आता पार्टी म्हणते ग्रुप फोटोतून अमुक एका नातेवाईकाला काढून टाक. काय करू? — एक वाचक

उत्तर : चार-पाच रात्री वाचून खरंच वाईट वाटलं रे, कारण हे मी पण केलंय. तुझ्या रात्री वाचतील त्या सकाळी तासभर लवकर पोचल्यानं. हॉलवर गेलास की कॅमेरा बॅगेतच ठेव आणि आधी मॅनेजरला शोध, खुर्च्यांची थप्पी पडद्यामागे न्यायला सांग, पंखा स्टेजच्या बाजूला दोन फूट सरकवून घे, विधी सुरू झाल्यावर कुणी ऐकत नाही, आधी मात्र आनंदानं करतात. ग्रुप फोटोसाठी ट्रायपॉड लावणार असशील तर माणसं यायच्या आधी रिकाम्या स्टेजचा एक फोटो काढून ठेव, त्याच जागेवरून, त्याच लाइटवर. नंतर कुठे काही पुसायची वेळ आली तर कॉम्प्युटरला अंदाज करायला लावण्यापेक्षा त्या रिकाम्या फोटोतला खरा पडदा तिथे आणून बसवता येतो.

अंतरपाटाच्या वेळी सगळे फोटोग्राफर समोर गर्दी करतात आणि मागे व्हिडिओवाल्याचा लाइट येतो. तू नवरीच्या किंचित मागे, खांद्याच्या बाजूला जाऊन बघ. तिथून तिचा गाल, मुंडावळ्यांच्या लोंबणाऱ्या सरी, हारावर घट्ट धरलेली बोटं आणि त्यामागे पांढराशुभ्र अंतरपाट, बस. एवढं सुंदर कोरं बॅकग्राउंड अख्ख्या लग्नात परत मिळत नाही आणि ते मंगलाष्टकं संपेपर्यंतच असतं. शेवटच्या 'सावधान'नंतर अंतरपाट निघतो तेव्हा मात्र समोर हवास, म्हणून जोडीदाराला समोर ठेव.

पुसायचंच असेल तर क्रम लक्षात ठेव, आधी क्रॉप, मग अंधार, मग रंग कमी, आणि ह्या तिन्हीनं भागलं नाही तरच इरेझर. डोळा उजेडाकडे आणि भडक रंगाकडे धावतो. कोपऱ्यातली लाल खुर्ची त्रास देते ती लाल आणि उजळ आहे म्हणून, खुर्ची आहे म्हणून नाही. तिचा लाल उतरवून काळपट केलीस तर ती तिथेच असून दिसेनाशी होते, आणि ह्याला दहा सेकंद लागतात. माझे वडील हेच निगेटिव्हवर करायचे, उतरत्या मेजावर दुधी काच, खालून आरशानं उजेड, आणि सुईसारखी टोकदार पेन्सिल. निगेटिव्हवर पेन्सिल लावली की छापताना तो भाग उजळ येतो आणि पात्यानं हलकं खरवडलं की काळा येतो, त्यामुळे मागचं चकाकणारं पितळी मूठ असलेलं दार ते पात्यानं विझवायचे. दार राहायचं, चकाकी जायची. मी तासन्‌तास बघत बसायचे.

इरेझर वापरलास तर दोन गोष्टी विसरू नकोस. पंखा पुसलास पण त्याची सावली राहिली, स्टँड पुसलास पण ग्रॅनाइटच्या फरशीत त्याचं प्रतिबिंब राहिलं, हे सगळ्यात जास्त होतं. आणि पडद्याच्या चुण्या, एकच चुणी तीनदा रिपीट झालेली मोबाइलवर कळत नाही, १२ बाय ३६ च्या अल्बमच्या पानावर लगेच कळते. फोटो आडवा उलटा करून बघ, आरशात बघितल्यासारखा, डोळ्याची सवय मोडते आणि चूक समोर येते. मूळ फाइल कायम वेगळी ठेव, हे सांगायला नकोच.

आता त्या नातेवाईकांचं. मी हे काम घेत नाही. तू धंद्याच्या सुरुवातीला आहेस, तुला नाही म्हणणं जड जाईल हे मला कळतं, म्हणून पुसण्याऐवजी आधीच सोय कर, स्टेजवर प्रत्येक घराचे दोन फोटो घे, एक सगळ्यांचा आणि एक फक्त जवळच्यांचा, मग ज्यांना जो हवा तो अल्बमला जाईल. पुसलेल्या माणसाचा हात शेजारच्याच्या खांद्यावर राहिला तर तो फोटो पुढची तीस वर्षं त्या घरात भांडण लावेल. आणि खरं सांगू का, माणसं आज बोलत नाहीत ती पाच वर्षांनी बोलायला लागतात. फोटो मात्र परत काढता येत नाही.

प्रश्न : आम्ही दोह्याला लहान फ्लॅटमध्ये राहतो. मुलीचा पहिला वाढदिवस आहे, कुठूनही काढलं तरी टीव्ही, वायरी, खेळणी, कपड्यांचा स्टँड येतोच. — एक वाचिका

उत्तर : खिडकी कुठे आहे बघा. पिल्लूला खिडकीपासून दोन फुटांवर बसवा, तुम्ही खिडकीला पाठ न करता बाजूनं बसा, आणि खोलीतले सगळे दिवे बंद करा, ट्यूबलाइट पण. मग स्क्रीनवर तिच्या चेहऱ्यावर टॅप करून उजेडाची खूण थोडी खाली ओढा. चेहऱ्यावर खिडकीचा उजेड आणि मागची खोली अंधारात, टीव्ही आणि वायरी आपोआप बुडतात. एवढ्यानं भागलं नाही तर आईची एखादी साधी एकरंगी सुती साडी दोन खुर्च्यांवर टाका, फक्त इस्त्री केलेली, आणि तिला साडीच्या तीन फूट पुढे बसवा. केक कापतानाचे फोटो घरभर पसाऱ्यासकटच काढा बरं का, ते तसेच हवेत.

प्रश्न : मी पत्रकारितेचा विद्यार्थी आहे. वारीत दिवे घाटात एका माउलींचा डोक्यावर तुळस घेतलेला फोटो मिळाला. मागे विजेच्या तारा, एका होर्डिंगचा कोपरा आणि कुणाचा तरी मोबाइल धरलेला हात आलाय. स्पर्धेला पाठवायचाय. हे काढलं तर ती फसवणूक होते का? फोनमधल्या इरेझरनं तर एका मिनिटात जातं. — एक वाचक, पुणे

उत्तर : हो, ह्या फोटोपुरती होते. वारी ही घडलेली गोष्ट आहे आणि तुझा फोटो तिचा साक्षीदार. बातमीच्या फोटोत क्रॉप, थोडा उजेड-अंधार, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके ह्यापलीकडे काही घालायचं नाही आणि काही काढायचं नाही, हा मोठ्या वृत्तसंस्थांचा नियम आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये सीरियातल्या एका लढवय्याच्या फोटोत कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता, फोटोग्राफरनं तेवढाच पुसला, जागा अगदी खालच्या कोपऱ्यातली, कुणाला कळलंही नसतं. त्यानं स्वतः सांगितल्यावर एपी (असोसिएटेड प्रेस) ह्या वृत्तसंस्थेनं जानेवारी २०१४ मध्ये त्याच्याशी संबंध तोडले. हा फोटोग्राफर पुलित्झर मिळालेला होता, आणि त्याचे बाकीचे शेकडो फोटो तपासल्यावर दुसरं काहीही सापडलं नाही, तरीही. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेतही शेवटच्या फेऱ्यांत मूळ फाइल मागतात आणि शेजारी ठेवून बघतात.

ह्यात सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगची आहे. १९३६ साली कॅलिफोर्नियात निपोमोजवळ उपाशी मजुरांच्या तळावर तिनं एका आईचा फोटो काढला, दोन मुलं तिच्या खांद्याला तोंड लपवून, मांडीवर तान्हं, जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध फोटोंपैकी एक. उजवीकडे खाली तंबूचा खांब धरलेला एक अंगठा दिसायचा. लँगला तो खुपत राहिला, तिनं १९३९ मध्ये निगेटिव्हवरच तो पुसून घेतला, आणि ज्या सरकारी खात्यासाठी ते काम होतं त्याच्या फोटो विभागाचे प्रमुख त्यावर नाराज झाले. नीट बघितलं तर पुसलेल्या प्रतीतही त्याचं भूत हलकंसं राहिलंय. मला स्वतःला वाटतं तो अंगठा असायला हवा होता. कुणाचा तरी हात तो खांब धरून होता.

तेव्हा तारा राहू देत. मोबाइल धरलेला हातही राहू दे, आजच्या वारीत ते हात असतातच, ते पुसून तू पन्नास वर्षांपूर्वीची वारी दाखवशील. होर्डिंगचा कोपरा क्रॉपमध्ये जात असेल तर घालव, त्याला कुणाची हरकत नाही. हाच फोटो घरात लावायला प्रिंट करणार असशील तर हवं ते काढ, पण ती प्रत कुठे पाठवू नकोस.

पुढच्या वर्षासाठी सांगते. घाटात माणसामागे धावू नकोस, आधी जागा निवड. वरच्या वळणावर चढून खाली बघितलं की मागे तारा येत नाहीत, आकाश येत नाही, मागे फक्त रस्ता आणि माणसंच माणसं, पांढऱ्या टोप्या आणि पताका, हेच तुझं बॅकग्राउंड. तिथे फ्रेम लावून उभा राहा आणि तुळस घेतलेली माउली त्यात चालत येईपर्यंत थांब, ती येणारच, दिंड्या संपत नाहीत. खालून बसून आकाशावर काढायचा मोह होतो पण पावसाळ्यातलं आकाश पांढरंफटक असतं, चेहरा काळा पडतो, ते ढग फाटले असतील तेव्हाच कर.

प्रश्न : आजोबांचा वाड्याच्या ओसरीवरचा जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो स्कॅन केलाय. मागे सायकल, तांब्याचा बंब, भिंतीवर कसलासा कागद असं बरंच काही दिसतं. ते सगळं काढून फक्त आजोबा ठेवून मोठी फ्रेम करायची आहे. चांगलं दिसेल ना? — एक वाचक, वाई

उत्तर : कृपा करून काढू नका. मी एकदा असंच केलंय आणि अजून मला ते सलतं. माझ्या आजीचा स्वयंपाकघरातला एक फोटो होता, मागे भिंतीवर कॅलेंडर, ते वाकडं होतं आणि नजर सारखी तिकडे जायची, म्हणून मी पुसून भिंत कोरी केली, फार सफाईदार झालं होतं, सगळ्यांनी कौतुक केलं. मूळ प्रिंट नंतर घर बदलताना हरवली आणि मी स्कॅनवरच काम करून तोच सेव्ह केला होता. दोन वर्षांनी काकानं विचारलं की हा फोटो कुठल्या सालचा, आईच्या हातात तेव्हा बांगड्या आहेत म्हणजे अण्णा होते का तेव्हा? त्या कॅलेंडरवर महिना आणि साल दोन्ही होतं. वाचता येत होतं, मी मोठं करून बघितलेलं मला आठवतं, फक्त काय लिहिलं होतं ते आठवत नाही.

म्हणून आधी तो भिंतीवरचा कागद स्कॅनरची बारकाई १२०० डीपीआयवर ठेवून परत स्कॅन करून वाचा, कदाचित लग्नपत्रिका असेल, कदाचित कुठल्या सभेची जाहिरात. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोटो दाखवून ती सायकल कुणाची ते विचारा आणि उत्तर फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहा, पेनानं नको, शाई पुढे उतरते. घड्या, बुरशीचे डाग, ओरखडे हे बिनधास्त पुसा, ते नंतर आलेत, त्या दिवशी ओसरीवर नव्हते. सायकल आणि बंब त्या दिवशी तिथे होते. आजोबांवर लक्ष जावं असं वाटत असेल तर कडेनं हलका अंधार द्या आणि चेहरा किंचित उजळा, वर लातूरच्या मुलाला सांगितलं तसंच. आणि फ्रेमवाल्याला माउंट कापताना उजवीकडे अर्धा इंच जास्त सोडायला सांगा, नाहीतर सायकलचं हँडल अर्धं कापलं जाईल.